भिंतीची ओल

नागपूरच्या महाल भागात आमचे जुने घर आहे. त्याच्या भिंती विटाचुन्याच्या. एका दिवाळीपूर्वी माजघराच्या भिंतीला ओल आली. तिच्यावर पांढरा लोणा लागला. "उन्हाळ्यापर्यंत थांब," असे आजोबा म्हणाले. परंतु सणाच्या उत्साहात मी ओलीवरच तैलरंगाचे दोन हात चढविले आणि माझ्या दिवंगत आईचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा तेथेच टांगले. होळीपूर्वीच रंगाला फोड आले. छायाचित्र उतरवून पाहतो, तो बुरशीने आईचा चेहरा निम्मा पुसला गेला होता!

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी गवंड्याला बोलाविले. त्याने प्रथम छपराची फुटकी पन्हळ दाखविली. पावसाचे पाणी तेथूनच भिंतीत मुरत होते. विटांतील क्षार त्या पाण्याबरोबर वर येतात, तोच लोणा. पन्हळ दुरुस्त झाली, भिजलेला गिलावा खरवडला गेला. मग पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या नागपुरी उन्हाळ्याच्या झळांवर आम्ही भिंत सुकू दिली. तैलरंग ओल आत कोंडतो, चुना तिला वाट देतो. म्हणून शेवटी चुनाच लावला.

भिंत आता कोरडी आहे. आईचा चेहरा मात्र परत आला नाही. दोष झाकल्याने जात नाही, हे तो रिकामा खिळा मला रोज सांगतो.