शास्त्र्याचा प्रश्न



संत लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक शास्त्री प्रभू येशूकडे येतो. नियमशास्त्राचा जाणकार, म्हणजे आजच्या भाषेत वकीलच. शेजारी कोणाला म्हणायचे याची नेमकी व्याख्या त्याला हवी असते. येशू व्याख्या देत नाही, शोमरोन्याची गोष्ट सांगतो.

आपल्या अमरगोळला लागूनच नवनगरात कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ आहे, 2009 साली स्थापन झालेले. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. ऑनर्स शिकवतात. चर्चच्या युवागटाच्या कामामुळे तिथली काही मुले, कर्मचारी आणि शिकून बाहेर पडलेले वकील माझ्या ओळखीचे झाले. चिगरी बसमध्ये पांढरा शर्ट आणि काळी पँट घातलेली ही मुले सारखीच दिसतात. ओळख झाली की एकेक वेगळे होत जाते.

त्यांतली एक मुलगी खानापूर तालुक्यातली. घरी मराठी, हॉस्टेलवर कानडी, वर्गात इंग्रजी. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. एक निकालपत्र वाचायला तिला तीन-तीन संध्याकाळी लागायच्या. दुसऱ्या वर्षी तिने बॅग भरली होती. घरी काय सांगायचे तेही ठरले होते.

ते पहिल्यांदा कळले ग्रंथालयातल्या अण्णांना. खिडकीजवळची तिची खुर्ची आठवडाभर रिकामी होती, म्हणून त्यांनी तिच्या मैत्रिणींना विचारले. ती भेटली तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. खुर्ची अजून तुझीच आहे, एवढेच म्हणाले. मग त्यांनीच एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. ती आता धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. दर रविवारी दुपारी दोघी निकालपत्र घेऊन बसू लागल्या. आधी घडले काय ते वाचायचे, मग वाद कशाचा, मग निकाल, आणि शेवटी कारणे. असे तुकडे पाडले की चाळीस पानांचीही भीती वाटत नाही. आज ही मुलगी शेवटच्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन तशीच बसते.

मला यावरून कॉर्नेलिया सोराबजी आठवतात. 1866 साली नाशिकला एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या अव्वल आल्या, पण इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून मिळाली नाही. तेव्हा काही परिचितांनी पैसे उभे केले आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी 1892 मध्ये दिली. पदवी हाती पडली 1922 मध्ये, तीस वर्षांनी! त्या थांबल्या नाहीत. परपुरुषासमोर येता येत नसे म्हणून ज्यांना वकीलच मिळत नव्हता, अशा पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेसाठी त्या झटल्या.

ऑनर्स म्हणजे सन्मान. गुणपत्रिकेवर तो शेवटी छापला जातो. त्याआधी कोणीतरी आपली खुर्ची रिकामी असल्याचे ओळखलेले असते. योहानच्या दहाव्या अध्यायातला मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो. नाव माहीत असेल तरच कोण आले नाही ते कळते.

या आठवड्यात एवढे करू या. आपल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्याचे नाव आणि गाव विचारू या. अभ्यासात काय जड जाते, तेही विचारू या. पुढच्या रविवारी तो दिसला नाही, तर चौकशी करू या.

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हांला नावाने ओळखतोस. आमच्या शेजारची रिकामी खुर्ची आम्हांला दिसू दे, आणि दिसल्यावर उठून जाण्याची बुद्धी दे. आमेन.