खोड

झाडाविषयी लिहायला बसले की आम्हां मराठीच्या मास्तरांची एक अडचण होते. झाड दिसण्याआधी प्रतीकच दिसू लागते. वर्गात वीस-बावीस वर्षे मुळे, पारंब्या आणि वठलेले वृक्ष यांचे अर्थ उलगडून झाल्यावर अंगणातल्या झाडाकडे नुसते झाड म्हणून पाहणे जमेनासे होते. गेल्या वर्षी पाचगणीच्या घरचा ताड जागेवरून हलवावा लागला, तेव्हा ते आम्हां दोघांना पुन्हा शिकावे लागले. शिकवले आईंनी. (त्या आमच्यापैकी एकाची आई आणि एकीच्या सासूबाई. एक 'आई म्हणाली' म्हणतो, दुसरी 'आई म्हणाल्या'. लेखापुरते आम्ही दुसरे रूप स्वीकारले आहे.)

ताड हे नाव सोयीचे. झाड चुसान पामचे. मूळचे चीनचे, पंख्यासारख्या पानांचे, खोडाला काळपट तपकिरी केसाळ जाळे गुंडाळलेले. चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या उतारांवर आणणारा जो रॉबर्ट फॉर्च्यून, त्याचे नाव या झाडाच्या शास्त्रीय नावात आहे. हे झाड शून्याखाली दहा अंशांची थंडीही सोसते; पाचगणीची थंडी त्याच्या खिजगणतीतही नसणार. अण्णांनी १९८८ साली त्याचे हातभर रोप लावले. पाचगणीत परदेशी झाड लावण्यात नवल नाही. ज्या सिल्व्हर ओकांवाचून हे गाव डोळ्यांपुढे येत नाही, तेही ऑस्ट्रेलियाचे. अण्णा गेले तेव्हा ताडाचे खोड बारा फुटांवर पोचले होते.

मग घराची वाटणी झाली. पुढचे अंगण धाकट्या भावाकडे गेले आणि त्याला तिथे बांधकाम करायचे होते. त्यात त्याचे काही चुकले असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही, आता तर नाहीच. 'तोडून टाका, नवे लावू' हा सल्ला मात्र सर्वांनी दिला. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, शिवाय २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. तेव्हा तोडायचे असो वा हलवायचे, अर्ज करणे आलेच. अर्जाच्या मजकुरावरून आमच्यात दोन दिवस वाद झाला: 'स्थलांतर' लिहावे की 'पुनर्रोपण'? आई म्हणाल्या, "हलवायचंय असं लिहा की."

त्याच सुमारास आणखी एक बोलणे घरात चालू होते. पावसाळा संपला की आईंनी घाट उतरून वाईला आमच्याकडे राहायला यावे, असे आम्ही सुचवले होते. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. "याचं काय होतंय ते बघू, मग माझं," एवढेच. आम्ही एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिले असावे, कारण त्या लगेच म्हणाल्या, "मला झाड समजून बोलू नका. मला पाय आहेत."

वाईहून आलेल्या माळीकाकांनी जी माहिती दिली आणि जी पुढे आम्ही वाचली, ती तोवर आमच्या गावीही नव्हती. वड किंवा आंबा यांच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. खोडाला जखम झाली तर तो ती हळूहळू भरून काढतो. ताडवर्गीय झाडांच्या खोडात हा थर नसतो. एकदा पडलेला घाव झाड असेपर्यंत तसाच राहतो. 'जित्याची खोड' ही म्हण माणसाच्या सवयीची, पण तिचे लिंग बदलून ताडाच्या खोडालाही लावता येईल. मुळांचेही वेगळेच. जाड होत जाणारे सोटमूळ नाही. बुडाशी सुतळीसारखी शेकडो मुळे, जन्मभर तेवढ्याच जाडीची. तुटलेल्या मुळांचे पुढे काय होते ते जातीवर ठरते. नारळाची निम्म्याच्या आसपास मुळे पुन्हा फुटतात. फ्लोरिडातल्या सबल ताडाची तर तुटलेली सगळी मुळे मरतात आणि झाड बुडातून नवी काढते. ती येईपर्यंत खोडात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावर जगायचे. वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो गेला की झाड गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम काढले. खालची जुनी पाने छाटली, उरलेली काथ्याने वर जुडी करून बांधली. हात-दीड हात माती, त्याखाली जांभा. पहारीचा आवाज बदलला की समजावे. मातीचा गड्डा गोणपाटात बांधला. क्रेन आत येणे शक्य नव्हते, म्हणून तीन बल्ल्या बांधून त्यांना चेनपुली लावली. इथे चूक झाली, आणि ती आमची. माळीकाका खोडाला गोणपाटाचे आणखी दोन वेढे द्या म्हणत होते. आभाळ भरून आले होते, आम्ही घाई केली. साखळी घसरली आणि छातीच्या उंचीवर वीतभर काप गेला. कोणी काही बोलले नाही. मागच्या अंगणात पूर्वीइतक्याच खोलीवर झाड उभे केले (खोल गाडले तर बूड कुजते), तीन बाजूंनी टेकू दिले. खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून जांभ्यात चर खोदला, तो जुलैत दोनदा पुन्हा खोदावा लागला.

त्या पावसाळ्यात आम्ही दर रविवारी पसरणीचा घाट चढत होतो. झाड हिरवे होते. पण ताड मेल्यावरही काही काळ हिरवा दिसतो, हे आता ठाऊक होते. ऑगस्टमध्ये तीन पाने वाळली. माळीकाकांनी युक्ती सांगितली: मधल्या न उमललेल्या सुरळीला आणि शेजारच्या देठाला एकाच उंचीवर खूण करा, सुरळीवरची खूण वर सरकली तर झाड जिवंत. धाकटा भाऊ स्वतः शिडी घेऊन आला. आईंनी खालून लाल दोरा दिला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सुरळीवरचा दोरा देठावरच्या दोऱ्याच्या दोन बोटे वर होता. आम्ही शिडीवरून ओरडून सांगितले. आई खुर्चीतून उठल्या नाहीत. "दोरा सैल झाला असेल," म्हणाल्या.

सैल झालेला दोरा खाली घसरतो, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. वाईचा विषयही त्या दिवशी काढला नाही.