टोकन

कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते. हॉस्टेलच्या खोलीत मी खिडकीच्या गजाला मच्छरदाणीची दोरी बांधत होतो, तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. काउंटरपलीकडच्या मॅडमनी यादीत माझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "व्हॅलिडिटी?" मी पाकिटातून टोकन काढून पुढे केलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. "हे आहे आमच्याकडे. सर्टिफिकेट कुठाय? काल संध्याकाळी मुदत संपली." मग त्यांनी हमीपत्र दाखवलं. दिलेल्या तारखेपर्यंत जातवैधता प्रमाणपत्र सादर केलं नाही तर माझा प्रवेश आपोआप रद्द होईल, अशा मजकुराखाली माझी सही होती. चांगली वळणदार. त्या दिवशी नवं पेन घेतलं होतं.

ओपनमधून बसतोय का, तेही त्यांनी बघितलं. नव्हतो बसत. त्या शाखेची ओपनची यादी माझ्या गुणांच्या बरीच वर बंद झाली होती. हजार रुपये कापून बाकी फी परत मिळेल, असं सांगून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

पुढं कितीतरी वर्षं मी ही गोष्ट "समितीनं फाईल दाबली" अशीच सांगितली. कुणाला शंका आली नाही. दरवर्षी जून-जुलैत जात पडताळणी समितीच्या दारात रांगा लागतात, पोरांचे जीव टांगणीला लागतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या खऱ्या गर्दीत माझं खोटं सहज खपून गेलं.

खरं काय ते असं. बारावीच्या ऑगस्टमध्येच आमच्या ज्युनिअर कॉलेजचे क्लार्क वर्गात येऊन सांगून गेले होते: सायन्सच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी पंधरा-अ फॉर्मवर प्राचार्यांची सही घ्या, कागद जोडा, आत्ताच पडताळणीला टाका. वर्गातल्या बहुतेकांनी टाकले. मी नाही. वंशावळीचं शपथपत्र, आजोबांचा पुरावा, वडिलांच्या शाळेचा उतारा हे सगळं ऐकूनच मला कंटाळा आला. आधी सीईटी मारू, मग कागदाचं बघू, असा माझा हिशेब. वडिलांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "दिलंय" म्हणालो. तेव्हा फॉर्म दप्तरात होता, भूगोलाच्या जुन्या नकाशात घडी घालून.

जूनमध्ये निकाल लागल्यावर पळापळ करून अर्ज भरला आणि पोचपावती मिळाली. तिला सगळे टोकनच म्हणायचे. त्या वर्षी पोचपावतीवर राखीव जागेसाठी कॅपच्या प्रवेशफेऱ्यांत उतरता येत होतं. नॉन-क्रिमिलेयर आधीच काढलं होतं. उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आमच्या अडीच एकरांनी कधी लांबूनही पाहिली नव्हती. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं पुण्यातलं कॉलेज लागलं. वडिलांनी पेढे वाटले आणि टोकनची झेरॉक्स देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं ठेवली. त्यांना ते सर्टिफिकेटच वाटलं. मी बघत होतो. बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला: अर्जात त्रुटी. इतर मागासवर्गासाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७. तिच्या आधीचा जातीची नोंद असलेला पुरावा हवा होता. वडिलांचा शाळाप्रवेश त्यानंतरचा, आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद सापडण्याची शक्यता होती. पण तिथली जुनी पानं मोडीत, आणि मोडी वाचणारे गृहस्थ आठवड्यातून एकदाच येणारे. एकदा गेलो, ते नव्हते, परत आलो. परतताना स्टँडवर भेळ खाल्ली, एवढं मात्र लख्ख आठवतं.

आणि एवढंही करायची गरज नव्हती. आजोबांचे थोरले भाऊ दोन इयत्ता शिकले होते. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरात स्वातंत्र्याच्या आधीची नोंद होती, जातीसकट. त्याच नोंदीवर त्यांच्या नातवाला, म्हणजे माझ्या चुलत चुलत्यांच्या मुलाला, दोन वर्षांपूर्वी व्हॅलिडिटी मिळाली होती. रक्तनात्यातली वैधता जोडली की अर्धं काम होतं, हे समितीच्या बाहेर बसणारा टायपिस्टसुद्धा सांगतो. त्यानं मला सांगितलंही होतं.

पण आबांशी, म्हणजे त्या चुलत्यांशी, आमचं बोलणं नव्हतं. बांधावरून पाच वर्षांपूर्वी मोजणी झाली, दगड हलले, मग लग्नाकार्याला एकमेकांच्या पंगतीत बसणंही बंद. हे भांडण वडिलांचं आणि आबांचं. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता, तरी मी ते त्यांच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. ज्याच्या पोराला डिप्लोमाला कसंबसं मिळालं त्याच्या दारात मी, पुण्याला नंबर लागलेला, कागद मागायला जाणार? वडिलांना सांगितलं असतं तर ते त्याच रात्री गेले असते. पण मग "दिलंय" हे खोटं होतं, तेही निघालं असतं. म्हणून मी त्रुटीचा मेसेज डिलीट केला, आणि मुदत वाढेल, दरवर्षी वाढतेच, असं मनाला सांगत राहिलो. आमच्या वर्षी एकदा वाढलीही. त्या वाढलेल्या दिवसांत मी हॉस्टेलसाठी गादी, बादली आणि ड्रॉइंग बोर्ड आणला.

या पडताळणीला तेव्हा मी खूप शिव्या दिल्या. नंतर कधीतरी वाचलं की तिची आजची चौकट १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातून आली. सर्वोच्च न्यायालयापुढचं ते प्रकरणही प्रवेशाचंच होतं, वैद्यकीयच्या. राज्याचा कायदा त्यानंतरचा, ऑक्टोबर २००१ पासून लागू झालेला. खोट्या दाखल्यांनी खऱ्यांच्या जागा जाऊ नयेत म्हणून हे सगळं उभं राहिलं. समित्या वेळ लावतात, हेलपाटे घालायला लावतात, हे आजही मी म्हणेन. पण माझ्या फाईलला समितीनं वेळ लावला नव्हता. ती वाट बघत होती.

गादी हॉस्टेलमध्येच एकाला दिली. एसटीत बसल्यावर गावात काय सांगायचं ते ठरवलं: समितीनं फाईल दाबली, म्हणून प्रवेश गेला. फाट्यावर भेटलेल्या पहिल्या माणसाला तेच सांगितलं. घरी मात्र वडिलांनी पेटी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "टोकन चाललं न्हाई व्हय?" ते ऐकल्यावर मात्र सगळं सांगितलं. नकाशातला फॉर्म, मेसेज, भेळसुद्धा. ते रागावले नाहीत. टोपी घातली, चप्पल घातली आणि आबांच्या वस्तीकडं चालू लागले. मला म्हणाले, "चल."

आबा गोठ्यात होते. पाच वर्षांत पहिल्यांदा वडील त्यांच्या अंगणात उभे होते. काय बोलायचं हे दोघांनाही सुचेना. शेवटी मीच म्हणालो, "आबा, दादाच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स पायजे होती." त्यांनी आतून सगळी फाईलच आणून दिली, शाळेच्या उताऱ्यासकट. मग माझ्याकडं न बघता वडिलांना विचारलं, "ह्ये कधी लागत होतं?" वडील म्हणाले, "गेल्या म्हैन्यात." आबांनी नुसती मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

व्हॅलिडिटी डिसेंबरात आली. तोवर मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला होतो, पहिली सेमिस्टर संपत आली होती. वडिलांनी ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं आणि बाळकृष्णाच्या मागं ठेवलं. तिथलं टोकन आता काढून टाकतो, म्हणून मी हात घातला.

"असू दे," ते म्हणाले.