आजीचे रायपूर

बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्यासारखी माणसे आधी नकाशा पाहतात, मग रेल्वेचे वेळापत्रक चाळतात आणि शेवटी मुलांच्या शाळेची चौकशी करतात. 2022 साली माझी रायपूरला बदली झाली तेव्हा यांतले काहीच करावेसे वाटले नाही. रायपूर मला ठाऊक होते. ते पाहिले नव्हते इतकेच. माझ्या वडिलांच्या आईचे ते माहेर. वर्ध्याच्या आमच्या घरात त्या गावाविषयी जेवढे बोलणे होई तेवढे खुद्द वर्ध्याविषयीही होत नसे.

आजीचा जन्म 1932 सालचा, रायपूरच्या तात्यापाऱ्यातला. तिचे घराणे तिकडे केव्हा गेले याची हकीकत ती मोठ्या ऐटीने सांगे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 साली रतनपुरास आले आणि 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहून त्यांनी छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्यांच्यामागे शिलेदार गेले, पुराणिक गेले, मोडी दफ्तरे घेऊन कारकून गेले. पुढे 1818 साली इंग्रजांच्या देखरेखीखाली मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलले, तशी ही मंडळीही हलली. आपले पूर्वज त्या कारकुनांपैकी, असे आजीच्या माहेरी सांगत. मी स्वतः कारकून असल्यामुळे म्हणा, मला ते खरे वाटते. आम्ही शिलेदार होतो असे सांगणारी घराणी पुष्कळ भेटतात; आम्ही कारकून होतो अशी बढाई कोण मारील?

दोनशे वर्षांत या लोकांची मराठी मराठीच राहिली, पण तिला तिकडच्या मातीचा वास लागला. हिंदीचीही त्यांनी मनापासून सेवा केली. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीच. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. आजीला हे सारे पाठ होते. रायपूरच्या सप्रे शाळेचे नाव निघाले की ती अशी बोले, की जणू सप्रे तिच्या शेजारीच राहत असत. वास्तविक ते 1926 मध्येच, तिच्या जन्माआधी, निवर्तले होते.

1951 साली लग्न होऊन ती वर्ध्याला आली आणि भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात पडली. भाकरी थापता येत नसे, काठ फुटत. पणजी तिला ‘झाडीकडची’ म्हणे. आमच्याकडे भंडाऱ्यापलीकडचा सगळा भातखाऊ मुलूख म्हणजे झाडी! रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून सकाळी कांद्याशी खाणे हे वर्ध्यात दारिद्र्याचे लक्षण. आजीच्या माहेरी ती उन्हाळ्यातली बासी, श्रीमंतांनीही खावी अशी. तिच्या बोलण्यात तळ्याला तरिया होते, टमाट्याला पताल होते आणि ‘का’ या प्रश्नाला ‘काबर’ होते. गुडघा फुटून मी घरी आलो की ती म्हणे, ‘‘काबर रडतोस रे, बाळ?’’ हा शब्द तिने माझ्यापुरताच बनवला असावा, असे मला लहानपणी वाटे.

पण तिचे खरे दुःख भाकरीचे नव्हते. ते तीजेचे होते. छत्तीसगढात पोळा झाला की तिसऱ्या दिवशी तीजा येते. म्हणजे आपली हरतालिकाच. उपवास तोच, शिवपार्वतीची पूजा तीच. परंतु तिकडे त्या सणाला सासुरवाशीण माहेरी असायची असते. बाप किंवा भाऊ येऊन तिला घेऊन जातो. आदल्या रात्री ती कारल्याच्या भाजीशी भात खाते, त्याला करू भात म्हणतात. करू म्हणजे कडू. उपवास सुटला की माहेरचे नवे लुगडे नेसायचे. म्हातारपणीही बायका या दिवशी माहेरी जातात. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतून ही चाल नेमकी किती मुरली होती ते सांगवत नाही, आजीच्या घरी मात्र ती होती. आता अडचण पाहा. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी गणपती. आमच्या घरी दीड दिवसांचा गणपती, मोदकांचा घाट, सोवळ्यातला स्वयंपाक. अशा वेळी घरच्या सुनेने माहेरी जायचे ही कल्पनाच पणजीला सहन होणारी नव्हती. त्यात पणजीचा दोष होता असे मला वाटत नाही. दोन चालींची गाठ एका बाईच्या दारात पडली होती, एवढेच.

यातून वाट काढली ती आजीच्या भावाने, माझ्या मामाआजोबांनी. बहीण येत नाही तर आपण जावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मेलने निघत, हातात पिशवी, पिशवीत लुगडे आणि रायपूरची चार कारली. वर्ध्यात कारली मिळत नव्हती असे नव्हे! रात्री बहीणभाऊ समोरासमोर बसून करू भात खात आणि पहाटेच्या गाडीने ते परतत, कारण त्यांच्याही घरी गणपती बसायचा असे. अडतीस वर्षे हा क्रम चालला. एका वर्षी त्यांनी चांप्याचे कोशाचे लुगडे आणले होते. ते आजीने दोनदाच नेसले.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडून गेली. लग्न झाले तेव्हा आजीचे सासर आणि माहेर एकाच मध्य प्रदेशात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी वर्धा मुंबई राज्यात गेले, रायपूर भोपाळच्या राज्यात राहिले. 1960 मध्ये वर्धा महाराष्ट्रात आले, 2000 साली रायपूर छत्तीसगढची राजधानी झाले. आजी म्हणे, ‘‘मी हललेच नाही, माहेरच सरकत गेलं.’’ आजीच्याच वयाची आणि जन्मभर ल्विव्ह शहरातच राहिलेली एखादी बाई हेच म्हणाली असती. ती पोलंडात जन्मली असती, बालपणी सोव्हिएत, मग जर्मन, पुन्हा सोव्हिएत अंमल पाहिला असता आणि 1991 साली, साठीच्या उंबरठ्यावर, युक्रेनची नागरिक झाली असती. तिथे सरहद्दीबरोबर रणगाडे आले, आमच्याकडे नुसते राजपत्र आले, हा फरक मात्र लहान नव्हे.

मामाआजोबा 1989 मध्ये गेले. मी त्यानंतरच्या वर्षी जन्मलो, म्हणून मी पाहिले ते एवढेच: हरतालिकेच्या आदल्या रात्री आजी आपल्यापुरते कारले करी, ओसरीच्या कडेला ताट घेऊन बसे आणि मेलची वेळ टळल्यावर पहिला घास घेई. घरात तो पित्तावरचा उपाय समजला जाई. 2016 साली ती गेली.

रायपुरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात गोल बाजारात भाजीवाली शेजारणीला विचारीत होती, ‘‘काबर?’’ मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. तात्यापाऱ्यातले घर आता नाही. त्या जागी दुकाने आहेत. ते पाहून फारसे वाटले नाही. त्याहून अधिक वाटले ते कार्यालयात. आस्थापना शाखेत रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. राज्य सरकारने 2019 पासून तीजेची सुट्टी दिली आहे, पण आम्ही केंद्राचे. आम्हाला ती लागू नाही. तेव्हा भाद्रपदात बायकांचे अर्ज येऊ लागतात. कारणाच्या रकान्यात एकच शब्द असतो, तीजा. पन्नाशी उलटलेल्या बाईही त्यात असतात आणि भाऊ घ्यायला येणार असल्याचे आवर्जून सांगतात. नैमित्तिक रजेच्या हिशेबात मी तसा काटेकोर आहे, पण या अर्जांवर टिपणी लिहिताना लेखणी अडत नाही.

गेल्या वर्षी त्या अर्जांच्या चवडीत मी माझाही अर्ज घातला. गोल बाजारातून एक सुती साडी आणि अर्धा किलो कारली घेतली आणि नागपूरला ताईकडे गेलो. तिच्या सासरी गणपतीची धांदल चाललेली. साडी पाहून ती म्हणाली, ‘‘आज रे काय?’’ मी म्हटले, ‘‘तीजा.’’ तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, कारली विळीजवळ ठेवली आणि चार नारळ माझ्यापुढे सरकवले. ‘‘आलाच आहेस तर एवढे खवून दे. भात मी टाकते.’’