नवा फोन कशास?

आमच्या येवल्यांत एका पैठणी विणकराच्या मुलानें वडिलांपाशीं नव्या स्मार्टफोनचा हट्ट धरला. जुना म्हणे मंद झाला. आम्हीं तो पाहिला. साठवण चित्रफितींनीं भरलेली, बॅटरी थकलेली. नको तें काढून बॅटरी बदलतांच तो पूर्ववत् चालूं लागला.

१९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या यानाच्या संगणकाची चालू स्मृति सुमारें ४ किलोबाइट होती. या फोनची ४ गिगाबाइट, म्हणजे दहा लक्ष पट! मोठ्या खेळांस अधिक बळ लागतें, आणि सुरक्षेचे अपडेट थांबल्यास फोन बदलणेंच बरें, हें खरें. पण धडे वाचण्यास व पदराचें चित्र गिऱ्हाइकास पाठविण्यास एवढें पुरे. वडिलांचे पैसे रेशमास उरले.

रुपयांच्या दाखल्यांतील धनी दिलेल्याचें काय केलें, याचाच हिशेब मागतो. मुलांनो, तो आपणांसही द्यावयाचा आहे.