एकट्यानें पाहिलेलें नगर

प्रवास म्हटला कीं सोबत हवीच, असा आपल्या घरांतून दंडक आहे. साठी उलटल्यावर आम्हीं एकट्यानेंच नगरास जाण्याचें ठरविलें तेव्हां घरांत थोडी कुरकुर झालीच. परंतु जिच्या सोबतीनें चाळीस वर्षें देवदर्शन व स्थलदर्शन केलें, ती गेल्या वर्षीं ईश्वरानें नेली. आणि तिच्या जागीं दुसरें कोणी बरोबर घ्यावें असें मनाला वाटेना.

इ. स. १४९० मध्यें अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर २०२४ पासून अधिकृतपणें अहिल्यानगर झालें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र 'नगर' हेंच नांव आहे. येथील भुईकोट किल्ल्याला प्रथम मातीचा तट होता. दगडी तट पुढें हुसेन निजामशहानें बांधविला. १५९५ च्या वेढ्यांत मोगलांनीं सुरुंगानें पाडलेलें खिंडार चांदबिबीनें रातोरात बुजविलें. त्याच चांदबिबीला १६०० मध्यें फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनीं मारलें!

ऑगस्ट १९४२ पासून याच किल्ल्यांत नेहरू, पटेल, आझाद प्रभृति पुढारी स्थानबद्ध होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ त येथेंच लिहिला गेला. परंतु आमचें मन रमलें तें मौलाना आझादांच्या ठायीं. एप्रिल १९४३ मध्यें त्यांच्या पत्नी कलकत्त्यास निवर्तल्या. अखेरची भेट झालीच नाहीं. आमचें भाग्य त्या मानानें थोरच म्हणावयाचें, कारण अखेरच्या घटकेस आम्ही उशाशीं होतों. त्या खोल्यांपुढें आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलों. बरोबर मंडळी असती, तर 'चला, ऊन वाढलें' म्हणून कोणी तरी पुढें नेलेंच असतें.

दुपारीं पूर्वेकडील डोंगरावर गेलों. तेथील अष्टकोनी, तीन मजली इमारतीस सारे लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः ती मुर्तुजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. ज्याची कबर त्याचें नांव लोपलें, आणि जिचा तिच्याशीं संबंध नाहीं तिचें नांव राहिलें! प्रथम आमच्यांतील मास्तर जरा रागावला. मग वाटलें, जिला आपल्यांनीं मारलें तिला लोकांनीं मागाहून एक घर दिलें, त्यांत त्यांची कृतज्ञताच दिसते. मुलांना मात्र दोन्हीं नांवें सांगावींत.

कोणी जाणार असल्यास एवढें ध्यानांत ठेवावें: किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे, म्हणून प्रवेशाचे नियम आधीं विचारून घ्यावे व ओळखपत्र जवळ बाळगावें, डोंगरावर पाणी बरोबर न्यावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं खालीं उतरावें. एकट्या माणसाला पाहावयास वेळ पुष्कळ मिळतो. पाहिलेलें सांगावयास मात्र कोणी लागतें; म्हणून हें वाचकांस सांगितलें.