कामाची विजार

आपल्या घरांतून कापडाची खरेदी होते ती बहुधा प्रसंगासाठीं. मुंज, लग्न, दिवाळसण, नाहीं तर मुलाच्या नोकरीचा पहिला दिवस, असें कांहीं निमित्त निघालें म्हणजे घरांतील चार वडील माणसें दुकानाच्या गादीवर जाऊन बसतात, ठाण उलगडून पोत चाचपतात, रंग उजेडांत नेऊन पाहतात आणि भावाची घासाघीस करून पुडकें घेऊन घरीं येतात. परंतु अंगमेहनतीच्या कामासाठीं म्हणून मुद्दाम निवडून वस्त्र घेतल्याचें उदाहरण आमच्या घराण्यांत तरी मला आठवत नाहीं. जें विटलें, उसवलें, चारचौघांत घालण्याजोगें राहिलें नाहीं, तें कामाला घालावें, हाच आजवरचा परिपाठ. काम आणि वस्त्र यांचा विचार एकत्र करावा असें आपणांस सहसा वाटलेंच नाहीं. कारण उघड्यावर राबण्याचें काम आपल्या वांट्याला येईल, हेंच कोणीं गृहीत धरलें नव्हतें.

आतां मात्र काळ पालटला आहे. आपलीं मुलें दूरदेशीं जातात, आणि तीं सारींच कांहीं उबदार खोलींत यंत्रापुढें बसत नाहींत. माझ्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा स्थापत्यशास्त्र शिकून कॅनडांत गेला, तो मॅनिटोबा प्रांतांतील विनिपेग शहरीं जमिनीची मोजणी करणाऱ्या एका मंडळींत लागला. नोकरीचें पत्र आलें तेव्हां घरांत पेढे वाटले गेले. पण वहिनींची नजर त्यांतील एका ओळीवर खिळली होती. काम वर्षाचे बाराही महिने बाहेर करावें लागेल, असें तींत स्पष्ट म्हटलें होतें.

विनिपेगची थंडी ही आपल्या कल्पनेंत सहजीं मावणारी गोष्ट नव्हे. जानेवारींत तेथील रात्रीचें सरासरी तापमान शून्याखालीं वीस अंशांच्या आसपास असतें, आणि मैदान असें सपाट कीं वाऱ्याला आडवा यायला डोंगर म्हणून नाहीं. हवेचें तापमान उणे 20 अंश असतांना ताशीं 30 किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 33 अंशांइतकी बाधते. आणि तसल्या थंडींत उघडे राहिलेले कान वा गाल दहा ते तीस मिनिटांत गोठूं शकतात. अशा ठिकाणीं दिवसभर उभें राहणाऱ्या मुलानें पायांत काय घालावें, हा प्रश्न साधा नव्हता.

त्यासाठीं आमच्या घरीं रीतसर सभा भरली. दादांचें म्हणणें, जाड जीनच्या दोन विजारी घ्याव्या; त्या फाटत नाहींत. वहिनींच्या मतें रजईसारखी भरगच्च भरलेली विजार हवी. अक्कांनीं तर लोकरीच्या गुंड्या आणून विणायला सुरुवातही केली होती. प्रत्येकाच्या बोलण्यांत माया होती, आणि मापही एकच होतें : जेवढें जाड, तेवढें उबदार. तेवढ्यांत दादा, जणूं स्वतःशींच, म्हणाले, “एवढें शिकून अखेर बिगाऱ्याचाच पोषाख करायचा ना!” त्यावर कोणी बोललें नाहीं. विजारीच्या वादाखालीं खरें शल्य कोणतें होतें, तें त्या एका वाक्यानें उघडें पडलें.

मग सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. कारण नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत मीं तीन हिवाळे हिमाचल प्रदेशांतील किन्नौर जिल्ह्यांत, सतलज नदीच्या कांठीं मोजणीच्याच कामांत काढले आहेत. तेथें जें पाहिलें तेंच मीं घरांत सांगितलें. मैदानांतून आलेले कित्येक जण सुती विजारीवर सुती विजार चढवीत. सकाळीं सामान घेऊन चढ चढतांना आंतली विजार घामानें भिजे, आणि पुढें यंत्र लावून स्तब्ध उभें राहिलें कीं तीच मांड्यांना गार फडक्यासारखी चिकटून बसे. आमच्याबरोबरचे स्थानिक गडी घरीं कातलेल्या लोकरीची सैल ‘सुथण’ घालीत. घाम त्यांनाही येई. पण थांबल्यावर ते कुडकुडत नसत. थंडीनें माणसाला गांठण्यापूर्वीं ओल गांठते, हा पहिला धडा मला त्या गड्यांच्या पायांकडे पाहून मिळाला.

याचें कारण अवघड नाहीं. कापड स्वतः ऊब देत नाहीं. अंगाची ऊब तें धाग्यांच्या मध्यें कोंडलेल्या हवेच्या साहाय्यानें राखतें. सूत भिजलें कीं त्या हवेची जागा पाणी घेतें, आणि पाणी हवेपेक्षां सुमारें 25 पट वेगानें उष्णता वाहून नेतें. लोकरीचा धागा मात्र स्वभावतः कुरळा असल्यामुळें भिजला तरी सपाट होऊन बसत नाहीं. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारें 30 टक्क्यांपर्यंत बाष्प ती पोटांत घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं.

हें ऐकून आपल्या घरांतून तरी कोणाला नवल वाटूं नये. सोवळ्यासाठीं सुती वस्त्र घ्यायचें तर तें धुऊन, कोणाचा स्पर्श होऊं न देतां वाळविलेलें लागे; रेशमी कद, मुकटा किंवा लोकरीची धाबळी यांना तेवढें कडक बंधन नसे. आमची आजी पावसाळ्यांत, सुती वस्त्रें वाळेनाशीं झालीं म्हणजे, धाबळीच काढी. त्या आचारामागें धर्मभावना होती, पदार्थविज्ञान नव्हे, हें खरें. तरी सूत ओल धरून बसतें आणि लोकर तशी अंगाला गार लागत नाहीं, हा अनुभव आपल्या स्वयंपाकघरांतील बायकांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या होता. मीं धाबळीची आठवण काढतांच वहिनी चटकन म्हणाल्या, “म्हणजे भावजी, आंतून धाबळी पाहिजे!” एवढ्या मोजक्या शब्दांत तें सूत्र मला सांगतां आलें नसतें.

जीनच्या विजारीबद्दल दादांचा आदर अगदींच अस्थानीं नव्हता. ती जन्माला आली तीच मुळीं कष्टकऱ्यांसाठीं. अमेरिकेंतील जेकब डेव्हिस नांवाच्या शिंप्यानें मजुरांच्या विजारींचे खिसे उसवूं नयेत म्हणून शिवणीच्या टोंकांवर तांब्याच्या खिळ्या ठोकल्या, आणि 1873 सालीं त्यानें व लेव्ही स्ट्राउस यानें त्या युक्तीचें एकस्व मिळविलें. टिकाऊपणाचा प्रश्न तेथें उत्तम सुटला. पण जीन म्हणजे अखेर सूतच; बर्फांत गुडघे टेकून ती ओली झाली कीं तिचा जाडपणा उलट अधिक पाणी धरतो.

नुसता जाडपणा कां उपयोगी नाहीं, याचा दाखला त्याच कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर सांपडतो. नॉर्वेचा प्रवासी रोआल्ड आमुंडसेन 1903 ते 1906 या काळांत तेथून जहाज नेत असतां नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारीं दोन हिवाळे राहिला. त्यांचे कातड्याचे कपडे सैल आणि दुहेरी असत. आंतल्या थराची लव अंगाकडे, बाहेरच्या थराची बाहेर. मध्यें हवा खेळती राही व घाम सांचत नसे. 14 डिसेंबर 1911 रोजीं जी मंडळी दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोंचली, तिच्या सामानांत याच धर्तीचे कपडे होते. दुसरा दाखला एव्हरेस्टचा. 1924 सालीं त्या शिखराकडे जातांना नाहींसा झालेला जॉर्ज मॅलरी याचा देह 1999 सालीं सांपडला. त्याच्या अंगावरील कपड्यांची हुबेहूब नक्कल करून 2006 सालीं ती एव्हरेस्टवरच अंगांत घालून पाहण्यांत आली. रेशीम व लोकर यांचे एकावर एक पातळ थर आणि सर्वांवर घट्ट विणीचें गॅबर्डिन, असा तो पोषाख हलका, उबदार आणि हालचालीला मोकळा आढळला. एका जाड थरापेक्षां तीन पातळ थर बरे, कारण त्यांतील एक हवा तेव्हां काढतां येतो.

मग मीं मुलाला समोर बसवून त्याच्या कामाचीच चौकशी केली. मोजणीदाराला दोन प्रकारचें काम पडतें. खांद्यावर तिपाई घेऊन तो बर्फांतून कोस दोन कोस चालतो, तेव्हां त्याला घाम फुटतो. नंतर यंत्रापाशीं अर्धा अर्धा तास तो खिळून उभा राहतो, तेव्हां तोच घाम वैरी होतो. म्हणून त्याची बाहेरची विजार भरगच्च भरलेली नको. ती वारा अडविणारी, पण आंतील वाफ बाहेर जाऊं देणारी असावी. तिच्या दोन्ही बाजूंना मांडीपर्यंत उघडणाऱ्या साखळ्या असाव्या, म्हणजे चालतांना त्या उघडतां येतील व थांबण्यापूर्वीं लावतां येतील. रबरासारखें पक्कें जलाभेद्य कापड तेथें ऐन जानेवारींत हवेंच असें नाहीं, कारण उणे वीस अंशांत पडणारें हिम पिठासारखें कोरडें असतें व झटकलें कीं निघून जातें. ओल्याची खरी भीति हिवाळ्याच्या आरंभीं आणि शेवटीं, बर्फ वितळत असतें तेव्हां.

पुढें गुडघे. जमिनींत खुंट्या ठोकतांना गुडघा टेकावाच लागतो, आणि दबलेल्या भरणींत हवा उरत नसल्यामुळें ऊबही उरत नाहीं. म्हणून गुडघ्यांवर कापड दुहेरी असावें व त्यांत गादी सरकविण्यास खिसा असावा. दोन पायांच्या जोडावर जास्तीची चौकट पट्टी लावलेली असली म्हणजे उकिडवें बसतांना शिवण ताणत नाहीं. कमरेशीं घट्ट पट्टा आवळण्यापेक्षां छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली विजार वांकणाऱ्या माणसाला सोयीची. वांकतांना पाठ उघडी पडत नाहीं. देहधर्माच्या वेळीं ती सोडायला उशीर लागतो, हा दोष धरूनही ती बरी. साखळीची चिमटी जाड हातमोज्यानें धरतां येईल एवढी मोठी असावी. पायघोळ बुटावरून खालीं यावा, बुटांत खोंचलेला नसावा. नाहीं तर हिम थेट बुटांत उतरतें. रस्त्याच्या कडेला काम असेल तर चमकत्या पट्ट्या हव्याच, कारण तेथें हिवाळ्याचा दिवस लहान असतो. आणि कोणाचें काम ठिणग्यांजवळ असेल, तर नायलॉनसारखें वितळून कातडीला चिकटणारें कापड त्यानें टाळावें.

एवढें सांगून मीं शेवटीं म्हटलें, कीं यांतलें कांहींही येथून विकत घेऊन पाठवूं नये. आंतून घालायला अक्कांनीं विणलेली लोकर जरूर न्यावी. बाहेरची विजार मात्र त्यानें तेथेंच, आंतले सारे थर अंगावर घालून, दुकानांत उकिडवें बसून, पायरी चढून पाहून घ्यावी. आणि घेण्यापूर्वीं आपल्या मंडळींतील जुन्या माणसाला विचारावें. किंमत ऐकून दादांनीं भुंवया उंचावल्या, तेव्हां वहिनींनींच उत्तर दिलें, “लग्नांतला सूट दोनदां घातला जातो. ही तो रोज घालणार आहे.” त्या सभेंत याहून मोलाचें वाक्य दुसरें झालें नाहीं.

जानेवारीच्या मध्यास मुलाचें पत्र आलें. त्यानें लिहिलें होतें, “काका, आमच्या मंडळीचे म्होरके साठीच्या घरांतले आहेत. त्यांनीं पहिल्याच दिवशीं मला सांगितलें, कीं चालायला निघतांना अंमळ थंडी वाजली पाहिजे. निघतांनाच ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले. विजार त्यांनींच माझ्याबरोबर येऊन निवडली. आत्याची लोकर आंत असते. पाय आजवर एकदांही गारठले नाहींत.” सोबत छायाचित्र होतें. खांद्यांवर पट्टे, गुडघ्यांवर मातीचे डाग, हातांत खुंटी आणि तोंडभर हसूं. दादांनीं तें पुष्कळ वेळ पाहिलें. पुढें घरीं कोणी पाहुणे आले कीं ते आपण होऊन तें छायाचित्र पुढें करूं लागले, आणि गुडघ्याला गादीचा खिसा कशासाठीं असतो हेंही समजावून देऊं लागले.

याच हिवाळ्यांत दादांनीं आणखी एक गोष्ट केली, ती मला अधिक मोलाची वाटते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशीं रात्रभर बसणाऱ्या रखवालदाराला दर डिसेंबरांत कोणी तरी आपली जुनी विजार देतो. या खेपेला दादा त्याच्याकडे गेले ते रिकाम्या हातांनीं, आणि त्याला काय हवें तें त्यांनीं त्यालाच विचारलें. तो म्हणाला, “साहेब, विजारी पुष्कळ मिळतात, पण त्या कंबरेला होत नाहींत. आहे त्याच विजारीखालीं घालायला लोकरीचें कांहीं द्या.” दुसऱ्या दिवशीं ते दोघे मिळून दुकानांत गेले.

दिवाळीच्या खरेदीला निघतांना यंदां वाचकांनींही घरांतील, शेतांतील वा दारांतील राबणाऱ्या माणसाचा विचार त्या यादींत धरावा. आणि कापडाचा पोत चाचपण्यापूर्वीं, ज्याला तें घालून काम करायचें आहे त्याला बरोबर न्यावें.